सतरावर दोघी, तेवीसवर कुणीच नाही

"पाच मिनिटं द्या हो. फक्त पाच मिनिटं. दोघींपैकी एकीला लगेच दुसरी खाट काढून देतो."

"काढून देतो म्हणजे? खाट काय खिशात घालून आणलीय, जावईबापू?"

"आई, जरा हळू. वॉर्ड आहे हा."

"वॉर्ड आहे ते दिसतंय मला. मी खाट विचारतेय. ही तर अर्धीच आहे."

खाट खरोखरच अर्धी होती. सतरा नंबरच्या त्या खाटेवर उशाकडं त्याची सासू बसली होती आणि पायथ्याकडं एक म्हातारी शिवणवाली. दोघींच्या हातात हॉस्पिटलचा छापील कागद, दोन्ही कागदांवर ठळक अक्षरात सतरा. सासूचा उजवा गुडघा गेलेला, शिवणवालीचा डावा. म्हणजे दोघींत मिळून दोन धड गुडघे होते, पण ते एका खाटेवर आले म्हणून कुणाला चालता येणार होतं थोडंच!

"मी तर पाठसुद्धा टेकली होती," शिवणवाली म्हणाली. "मग ह्या आल्या. मला वाटलं भेटायला आल्यात."

"भेटायला कुणी चाकाच्या खुर्चीतून येतं? आणि बरोबर उशी आणतं?"

"काय सांगावं बाई, हल्ली लोक काहीही आणतात."

वॉर्डची सिस्टर हातातला ट्रे न ठेवताच म्हणाली, "तुमचं काय ते तुम्ही बघा. अकराला ऑपरेशनची लिस्ट निघते. कॉम्प्युटरमध्ये ज्याच्या नावावर खाट, त्याचं नाव लिस्टमध्ये. नाव नाही तर थेटर नाही. मग माझ्या नावानं ओरडू नका."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हाडांचा मोठा डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारीच यायचा. आजचा नंबर हुकला की पुढचा दोन महिन्यांनी. सासूबाईंनी या गुरुवारची चौदा आठवडे वाट पाहिली होती, आणि ती जावयाच्या हॉलमध्ये, जावयाच्या खुर्चीत बसून, जावयाच्या स्टुलावर पाय ठेवून. सकाळी निघताना बायकोनं त्याला एवढंच बजावलं होतं, "आई ऑपरेशन न होता परत आली ना, तर तिच्या शेजारी तुमचाही बिछाना हॉलमध्येच घालते."

आणि जिन्यानं खाली उतरता उतरता त्यानं मोबाइलवर बघितलं, तर सतरा नंबर शिवणवालीच्या नावावर होता. सासूकडं नुसता कागद होता. खाट नव्हती.

ही खाटा वाटायची सगळी व्यवस्था ज्यानं लिहिली, तो इसम हाच. हॉस्पिटलात त्याला खऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळे त्याला 'पाचमिनिट' म्हणायचे. पाचमिनिटला फोन लाव. पाचमिनिट जेवायला गेलाय. पाचमिनिट रजेवर आहे, म्हणजे आज काम होईल.

माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं निदान वेळेवर नुकसान करतात. याचं नुकसानही रेंगाळत यायचं. बाप गावात पिठाची गिरणी चालवायचा. त्या बापाचा एकच कायदा होता, की एकाचं दळण पुरतं उतरल्याशिवाय दुसऱ्याचा डबा तोंडाशी लावायचा नाही, नाहीतर कुणाच्या गव्हात कुणाचा मका जातो आणि दोघंही शिव्या देतात. पोरगं त्या गिरणीच्या धुरळ्यात वाढलं, शिकलं, शहरात आलं, कॉम्प्युटरपुढं बसलं आणि बापाचा कायदा पिठासकट झटकून मोकळं झालं.

लिफ्टच्या मागच्या खोलीत त्याला टेबल मिळालं त्याला सहा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी त्यानं खाटांचा प्रोग्रॅम लिहिला. पाच आठवडे म्हणाला होता, अकरा महिने लागले. त्याआधी खाटा रेकॉर्डबाईंच्या ताब्यात असत. रेकॉर्डबाई म्हणजे एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्या खुर्चीचाच आकार आलेली बाई. तिच्या मागं भिंतीवर एक फळी होती. फळीवर दोनशे चौदा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पितळेचा एक बिल्ला. बिल्ला म्हणजे खाट. कुणाला खाट द्यायची, तर आधी बिल्ला हातात घ्यायचा, मग पेशंटचं नाव-गाव विचारायचं, वहीत लिहायचं आणि मग बिल्ला पेशंटच्या हातात. पेशंटनं नको म्हटलं, तर बिल्ला परत खिळ्यावर. बिल्ला हातात असताना चहाला जायचं नाही, गप्पा हाणायच्या नाहीत, फोन घ्यायचा नाही. हे नियम बाईंनी कुठं लिहिले नव्हते. लिहायची गरजच नव्हती. एकदा एक कारकून बिल्ला खिशात घालून जेवायला गेला, तर बाई त्याच्या मागोमाग गेल्या आणि ताटावरून उठवून घेऊन आल्या.

प्रोग्रॅम सुरू झाला त्या दिवशी पाचमिनिटनं सगळ्यांसमोर भाषण ठोकलं. "आता खिळे गेले आणि माहिती आली." टाळ्या पडल्या. फळी माळ्यावर गेली. बाईंनी बिल्ले एका पत्र्याच्या डब्यात भरले आणि जाता जाता विचारलं, "दोन काउंटरनी एकाच खाटेला एकदम हात घातला तर?"

पाचमिनिट हसला. "बाई, कॉम्प्युटर इतका फास्ट आहे, की एकदम हात घालायला कुणाला वेळच मिळणार नाही."

हे वाक्य बाईंनी जपून ठेवलं होतं. बिल्ल्यांच्याच डब्यात.

तो खोलीत आला तेव्हा बाई तिथं बसलेल्याच होत्या. अशी बातमी त्यांना माणसाच्या पायांआधी पोचते.

"सतरावर दोघी आहेत म्हणे."

"बघतोय ना बाई. पाच मिनिटं."

त्यानं सकाळच्या नोंदी काढल्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी पुढच्या काउंटरनं विचारलं, हाडांच्या वॉर्डात रिकामी खाट कुठली? उत्तर आलं सतरा. नऊ वाजून तीन मिनिटांनी मागच्या काउंटरनं तेच विचारलं. त्यालाही सतराच सांगितली, कारण तोवर कुणी काही लिहिलंच नव्हतं. पुढचा कारकून एका बोटानं टायपिंग करणारा. त्यानं सासूला नाव विचारलं, वय विचारलं, कुठलं औषध सोसत नाही ते विचारलं, आणि सासूनं आपल्या आवडत्या विषयावर, म्हणजे जावयावर, दोन मिनिटं घेतली. नऊ-सहाला सतरावर सासू लागली. नऊ-नऊला मागच्या काउंटरनं त्याच ओळीवर शिवणवालीला लिहिलं. प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नाही. सासू पुसली, शिवणवाली ठेवली. शिवणवाली लगेच वर गेली, सासूची खुर्ची लिफ्टपाशी अडकली. कागद मात्र दोघींचेही छापून झाले होते.

"म्हणजे विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये," बाई म्हणाल्या, "बिल्ला कुणाच्याच हातात नव्हता."

"बाई, ते बिल्ल्याचं काढू नका आता."

"मग कशाचं काढू? तुम्हीच सांगा."

सांगण्यासारखं त्याच्याकडं होतं. खाट शोधणाऱ्या 'सिलेक्ट' नावाच्या हुकमाच्या शेवटी 'फॉर अपडेट' असे दोन शब्द घालायचे असतात. घातले, की ज्यानं आधी विचारलं त्याच्या नावावर ती ओळ धरून राहते आणि दुसऱ्याला थांबावं लागतं, पहिला 'कमिट' म्हणजे पक्कं म्हणेपर्यंत किंवा 'रोलबॅक' म्हणजे सोडलं म्हणेपर्यंत. हे तो ज्यावरून शिकला त्या पुस्तकात नवव्या प्रकरणात होतं. हा सातव्यापर्यंत पोचला तेव्हाच प्रोग्रॅम त्याच्या टेबलावर झकास चालायला लागला होता, म्हणून पुस्तक मिटलं. टेबलावर तो एकटाच होता. एकट्या माणसाशी खाटेवरून भांडणार कोण?

"कारण नंतर," तो म्हणाला. "आधी खाट पाहिजे. आणि स्क्रीनवर वॉर्ड भरलेला दिसतोय. तीसच्या तीस."

बाईंनी फोन उचलला. "सिस्टर, जरा डोळ्यांनी मोज गं. कुठल्या खाटेवर माणूस नाही?"

सिस्टरचा आवाज फोनबाहेर खणखणीत ऐकू येत होता. "मोजायचं काय त्यात? तेवीसवर कुणी नाही. तीन आठवडे झाले. आम्ही जेवणाचे डबे ठेवतो तिथं. भुताची खाट म्हणतो आम्ही तिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. त्यांनाच सांगितलं. पाच मिनिटं म्हणाले."

बाईंनी फोन हळूच ठेवला. कधीकधी हळू ठेवलेला फोन आपटलेल्या फोनपेक्षा जोरात लागतो.

पाचमिनिटनं खाटांच्या यादीशेजारी पेशंटांची यादी लावली आणि कॉम्प्युटरला विचारलं, की भरलेली म्हणून लिहिलेली, पण जिच्यासमोर माणूसच येत नाही अशी खाट दाखव. त्याला वाटलं एक येईल. नऊ आल्या. अख्ख्या हॉस्पिटलात नऊ भुतं आरामात पहुडली होती, आणि खाली काउंटरवर जिवंत माणसांना 'जागा नाही' सांगितलं जात होतं.

तेवीसचं भूत कसं झालं, तेही सापडलं. त्याचा फॉर्म आधी खाट भरलेली म्हणून लिहायचा आणि मग दुसऱ्या पावलाला पेशंटची नोंद करायचा. तीन आठवड्यांपूर्वी पुढच्या कारकुनानं वयाच्या रकान्यात 'सत्तरीच्या आसपास' असं प्रामाणिकपणे लिहिलं. रकाना आकड्याचा. दुसरं पाऊल अडलं, पण पहिलं पडून गेलं होतं. कारकुनानं कपाळाला हात लावला, परत फॉर्म भरला, पेशंट चोवीसवर गेला आणि बरा होऊन घरीही गेला. तेवीस मात्र भरलेलीच राहिली. दोन्ही पावलं एका गाठीत बांधायला हवी होती. पडली तर दोन्ही पडतील, नाहीतर एकही नाही. आठवं प्रकरण.

"दहा वाजून पस्तीस," बाई म्हणाल्या.

तो टायपायला लागला. तीन ओळी. पहिलीत 'खाटांची यादी बदल', दुसरीत 'स्थिती रिकामी कर', तिसरीत 'जिथं नंबर तेवीस आहे तिथं'.

"थांबा. आधी बिल्ला."

"बाई, एक ओळ बदलायचीय."

"एका ओळीवरच तर दोघी बसल्यात वर. आधी बिल्ला हातात घ्या म्हटलं."

त्यानं वैतागून सुरुवातीला 'बिगिन' टायपलं आणि चालवलं. आता पुढचं जे काही होईल ते त्याच्या मुठीत राहणार होतं, तो कमिट म्हणेपर्यंत. ते त्यानं बाईंचं तोंड गप्प करायला केलं, एवढंच. मग त्यानं माउसनं ओळी रंगवल्या. त्याचं ते सॉफ्टवेअर असं, की जेवढं रंगवाल तेवढंच ते चालवतं. हात घाईत होता आणि डोळा घड्याळावर. रंगल्या दोन ओळी. तिसरी, ती नंबर तेवीसवाली, कोरडीच राहिली. त्यानं बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं: २१४ ओळी बदलल्या.

दोनशे चौदाच्या दोनशे चौदा खाटा एका बटणात रिकाम्या केल्या होत्या, माणसांना खाली उतरवून. त्यात सलाइन लावलेले होते, सकाळीच बाळंत झालेली एक होती, आणि एकाचं तर थेटरात पोट उघडलेलं होतं. सगळ्या नोंदींची काल रात्रीची प्रत होती, पण ती परत लावायची तर सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या. आणि अकराची लिस्ट तर कोरीच निघाली असती.

बाईंनी चष्मा नाकावर ढकलला. "दोनशे चौदा? आपल्याला तर एकच पाहिजे होती ना?"



तेवढ्यात फोन वाजला. पुढचा काउंटर. "अहो, चक्र फिरतंय नुसतं. खाट लागतच नाही." लगेच दुसरा फोन, मागचा काउंटर. "पेशंट स्ट्रेचरवर आहे, किती वेळ थांबू?" बाहेरच्यांना अजून सगळं जुनंच दिसत होतं, कारण यानं पक्कं केलेलं नव्हतं. पण दोनशे चौदाच्या दोनशे चौदा ओळी याच्या मुठीत, त्यामुळं नव्यानं कुणाला काही लिहिता येईना.

"बिल्ला खिळ्यावर टांगा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या इतक्या हळू कधी बोलल्या नसतील. "अजून हातातच आहे तुमच्या."

तो रोलबॅक टायपायला गेला. पहिल्यांदा अक्षरं चुकली. दुसऱ्यांदा बरोबर पडली. बटण दाबताना त्यानं डोळे मिटले होते, हे बाईंनी पुढं वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

भरलेल्या खाटा किती, असं विचारलं. एकशे शहाण्णव. सकाळी होत्या तितक्याच. सगळी माणसं आपापल्या खाटेवर परत आली होती, आणि आपण मधे उठून आलो हे त्यांच्यापैकी कुणाला कळलंही नव्हतं. काउंटरवरची चक्रं थांबली, फोन गप्प झाले.

"आता परत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "आधी यावर लिहा, किती ओळी बदलल्या पाहिजेत."

त्यानं शाळकरी पोरासारखा एक आकडा काढला.

"आणि तेवीस रिकामी करून सोडू नका. सोडलीत, की वरच्यावर कुठला तरी काउंटर उचलेल. बसाल मग दुसरी शोधत. सरळ तुमच्या सासूच्या नावानं लिहा."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं बिगिन केलं. तेवीसची ओळ फॉर अपडेटनं धरली. सासूचा पेशंट नंबर लिहिला आणि या वेळी सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत रंगवल्या, मग बोटानं मोजून बघितल्या. १ ओळ बदलली. कागदावर एक, स्क्रीनवर एक. कमिट.

दहा एकावन्न.

अकराला लिस्ट निघाली. शिवणवाली पहिली, सासू सातवी. पाचमिनिटचा ऊर भरून आला. खुर्चीवर मागं रेलून तो म्हणाला, "बघा बाई, झालं की नाही?"

"झालं. आठ भुतं राहिलीत अजून."

"घेतो ना. लगेच." एकदा हात भाजलेला, म्हणून या वेळी त्यानं कुणी मधे यायलाच नको म्हणून बिगिन केलं आणि खाटांच्या अख्ख्या यादीलाच कुलूप घातलं. तेवढ्यात मोबाइलवर बायको. "झालं का आईचं?" "झालं, झालं! वरच निघालोय." आणि खरंच उठून गेला. बाई तोवर आपल्या खोलीत गेल्या होत्या.

वर तेवीसवरचे डबे खिडकीत गेले होते आणि सासूबाई अख्ख्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. जावई समोर येऊन उभा राहिला, शाबासकी घ्यायला.

"मिळाली ना आई खाट?"

"मिळाली. सिस्टर म्हणते, तीन आठवडे रिकामीच होती."

"म्हणजे... टेक्निकली भरलेली होती."

"कोण होतं हिच्यावर?"

"कुणी नाही."

"मग कुणी नाही त्याला तीन गुरुवार दिलेत तुम्ही." सासूबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "मी बसले तुमच्या हॉलमध्ये, माझं ठीक आहे. तिथं तुमची खुर्ची तरी बरी आहे. पण खाली काउंटरवरून परत गेलेल्यांना कुठली खुर्ची होती?"

या प्रश्नावर पुस्तकात कुठलंच प्रकरण नव्हतं. तो चादरीची घडी नीट करायला लागला. ती आधीच नीट होती.

तेवढ्यात शिवणवालीला न्यायला माणसं आली. चाकांवरून जाता जाता ती ओरडली, "बाई, तुम्हीपण या मागोमाग! पण परत आल्यावर सतरावर येऊ नका, मी आता पाय पसरायला लागलेय!"

"येत नाही गं. मला माझी मिळालीय. भुताची."

जावई सासूच्या खाटेशी वीस-एक मिनिटं उभा राहिला. मग जिना उतरून खाली आला, तर खोलीच्या दारात रेकॉर्डबाई उभ्या. हातात पत्र्याचा डबा. आतमध्ये टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजत होते.

"दोनशे चौदा बिल्ले खिशात घालून कुठं फिरायला गेला होतात?"

तो धावत खुर्चीत बसला. स्क्रीनवर बिगिन तसंच होतं, कुलूप तसंच, आणि खाली दोन्ही काउंटरवर वीस मिनिटांपासून चक्र फिरत होतं. पुढच्या काउंटरच्या एका बोटाच्या कारकुनानं म्हणे तोवर तीन पेशंट पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले होते, नंबर घालून, रांगेनं. तो म्हातारा कारकून बिल्ल्यांच्या काळातला.

त्यानं रोलबॅक मारलं. फोन वाजायचे थांबले.

बाईंनी डबा त्याच्या टेबलावर ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि चांगल्या ऐसपैस बसल्या. एकतीस वर्षांच्या सवयीनं.

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

"बसते मी."

त्यानं ड्रॉवरमधून पुस्तक काढलं, आठव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावरची धूळ बापानं गिरणीत झटकावी तशी झटकली, कोऱ्या कागदावर आधी आठाचा आकडा लिहिला आणि बिगिन टायपलं.